मोजणारे आणि मोजलेले

दिवाळीच्या अंकात आरोग्यावर लिहू नये असा एक अलिखित संकेत आहे. चकलीचा तुकडा तोंडात असताना मळमळ, विषबाधा आणि बालमृत्यू यांची चर्चा कोणाला रुचेल? पण हा अंक तुमच्या हाती पडतो त्याच सुमारास आमच्या धनजच्या शिवारात कापूस फुटू लागलेला असतो, आणि त्याआधीचे दोन महिने त्याच कापसावर फवारणी चाललेली असते. तुमच्या नव्या कपड्यांचे सूत अशाच एखाद्या वावरातून आलेले आहे. तेवढ्या नात्याने मी आज वाद घालणार आहे. फराळ आटोपून वाचलेत तरी माझी तक्रार नाही.

माझा वाद आहे एका पदवीशी. सार्वजनिक आरोग्याची ही पदव्युत्तर पदवी; इंग्रजी आद्याक्षरांनी तिला एम.पी.एच. म्हणतात. अभ्यास दोन वर्षांचा. साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, पर्यावरण आणि आरोग्य, आरोग्यसेवेचे व्यवस्थापन, समाज आणि वर्तन यांची शास्त्रे, असे तिचे पाच खांब, आणि जगात बहुतेक ठिकाणी ते हेच आहेत. आपल्या देशात या विद्येची जुनी शाळा कलकत्त्याची. १९३२ साली ती उघडली. पुढे १९९७ साली त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने एम.पी.एच. सुरू केली, आणि या शतकात मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ अशा नामांकित ठिकाणी ती आली. त्यामुळे डॉक्टर नसलेल्या मुलामुलींनाही आरोग्याच्या क्षेत्रात शिरायला दार मिळाले. हे चांगलेच झाले.

आता कोणी म्हणेल, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका मास्तराने, त्यातून कादंबऱ्या लिहिणाऱ्याने, पदव्युत्तर अभ्यासक्रमावर का बोलावे? त्याला माझे उत्तर सोपे आहे. कापड कोणते, कात्री कोणती, हे शिंप्याला कळते. पण सदरा काखेत कुठे टोचतो, ते ज्याने तो अंगात घातला आहे त्यालाच विचारावे लागते. या विद्येचा सदरा आमच्या अंगावर शिवला जातो. तेव्हा टोचते कुठे, एवढे सांगण्याचा आमचा अधिकार कोणत्याही विद्यापीठाने काढून घेतलेला नाही.

घडले ते सांगतो. गेल्या वर्षी पोळा होऊन आठवडा झाला होता. एका मोठ्या शहरातल्या संस्थेतून दोन विद्यार्थी आमच्या गावी आले; एक मुलगी, एक मुलगा. संस्थेचे नाव मी सांगत नाही, कारण माझे भांडण एका संस्थेशी नाही. पोरे मोठी गुणी. उन्हाची तक्रार नाही, जेवणाचा नखरा नाही. त्यांच्या अभ्यासक्रमात गावी जाऊन काम करण्याचे काही आठवडे असतात, त्यासाठी ती आली होती. गावात नवीन माणूस आला की त्याला गुरुजींच्या घरचा पत्ता सांगतात, त्याप्रमाणे ती माझ्याकडे आली आणि रविवारी मी त्यांना घेऊन घरोघर फिरलो.

त्यांच्या हातात पाटीएवढे यंत्र होते आणि त्यात प्रश्नावली होती. प्रश्न इंग्रजीत तयार झालेले, नंतर मराठीत आणलेले. त्यांतला एक प्रश्न असा: ‘गेल्या बारा महिन्यांत आपणांस कीटकनाशकामुळे विषबाधा झाली आहे काय?’

ओसरीवर बसलेला गडी म्हणाला, “नाही जी.”

मुलाने ‘नाही’वर बोट टेकवले. दुसरे घर, “नाही.” तिसरे घर, “नाही.” मला राहवेना. चौथ्या घरी प्रश्न होऊन गेल्यावर मी आपला सहज विचारले, “काहो भाऊ, फवारून आल्यावर रात्री जेवन जाते काय तुमाले?”

“कायचं जेवन गुरुजी! मळमळ सुटते, डोळ्याले धारा लागतात. दोन दिवस अंगात कसर रायते. पन ते त सिजनच्या वक्ती होतेच. बिमारी थोडी हाय ते!”

मुलगी लिहिता लिहिता थांबली. तिने विचारले, “सर, मग हे मघाशी नाही का म्हणाले?” मी तिला सांगितले की, विषबाधा हा शब्द आमच्याकडे वर्तमानपत्रातला आहे. ज्याला उचलून दवाखान्यात नेले आणि ज्याची बातमी आली, त्याला विषबाधा. बाकीच्यांना नुसते ‘औषध लागते’. पिकावर फवारायच्या विषाला आम्ही औषधच म्हणतो. औषधाची बाधा कोणाला होईल?

पोरगी हुशार. तिने त्याच क्षणी ओळखले की प्रश्न चुकला आहे. परत जाऊन पहिल्या तीन घरी तिने माझ्या पद्धतीने विचारले, आणि तिन्ही घरी डोळे झोंबल्याच्या, डोके फिरल्याच्या हकिगती निघाल्या. संध्याकाळी तिने आपल्या मार्गदर्शकांना फोन लावून प्रश्न बदलण्याची परवानगी मागितली. उत्तर आले की प्रश्नावली समितीने मंजूर केलेली आहे, आता तिच्यात बदल करता येणार नाही. बदल करायचा तर पुन्हा समितीपुढे जावे लागेल, आणि तोवर गावातले आठवडे संपतील. तिने सगळ्या हकिगती आपल्या वहीत टिपून घेतल्या. पण गुण वहीला नव्हते. गुण तक्त्याला होते, आणि तक्त्यात त्या घरांपुढे ‘नाही’ हेच उत्तर गेले.

वाचकहो, हे ‘नाही’ क्षुल्लक नाही. २०१७ सालचा खरीप आठवा. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विष अंगात जाऊन वीसाहून अधिक शेतकरी आणि मजूर मेले, शेकडो दवाखान्यांत पडले. कपाशी माणसाच्या उंचीला लागलेली, हवेत दमट उष्मा, दोन-तीन विषे एकत्र कालवलेली, अंगात साधा सदरा आणि तोंडाला दुपट्टा. माणसे पटापट पडू लागली तेव्हा सरकारने चौकशीचे पथक नेमले. पण पडण्याआधी जी मळमळ होते, जे डोळे झोंबतात, ती गोष्ट त्याच्या आधीच्या कित्येक हंगामांत घरोघर घडतच असणार. ती कोणी मोजली असती, तर मुखवटे, हातमोजे, दवाखान्यातल्या अ‍ॅट्रोपिनच्या कुप्या यांची मागणी वेळेवर झाली नसती काय? तक्त्यातले शून्य पुढे तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते, आणि शून्यासाठी कोणी पैसा मंजूर करीत नाही.

मोजणीचा मी द्वेष करतो असे कोणी समजू नये. मी मास्तर आहे. हजेरी मांडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा डॉक्टर जॉन स्नो याने मेलेल्या माणसांची घरे नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपावर बोट ठेवले. पंपाचा दांडा काढून टाकला गेला. साथरोगशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट आजही सांगतात, आणि सांगावीच. पण ती सांगताना एक गोष्ट निसटते. स्नो त्या पंपापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहत होता. मेलेल्यांच्या दारांत जाऊन त्याने विचारपूस केली, आणि ज्या भाषेत त्याने विचारले तीच त्या माणसांची भाषा होती.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर १८९७ सालच्या पुण्याचा घ्या. प्लेग हटवायचा म्हणून रँडच्या हुकमतीखाली सोल्जर घराघरांत शिरले. रोगी हुडकणे, वेगळे ठेवणे, घर धुऊन काढणे. शास्त्र म्हणून त्यातले पुष्कळसे त्या काळी मान्य होते. पण माणसांना विश्वासात न घेता, त्यांचे देवघर तुडवून ते शास्त्र आले, आणि त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गोळीने झाला. त्याच साली, त्याच पुण्यात, मुलाने, डॉक्टर यशवंतने, काढलेल्या दवाखान्यासाठी सावित्रीबाई फुले स्वतः रोगी आणीत होत्या. आजारी पोराला उचलून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रोगही एकच, शहरही एकच. एका बाजूने आरोग्य घरात घुसले, दुसऱ्या बाजूने ते रोग्याला पोटाशी धरून चालले. सार्वजनिक आरोग्याच्या पहिल्या तासाला आमच्या मुलांना हे दोन्ही शिकवावे, असे मला वाटते.

आता पदवीचा कैवार घेणाऱ्यांचा खरा हुकमी पत्ता मीच टाकतो. ते म्हणतील, महाराष्ट्रात आरोग्याची जी मोठी कामे झाली ती याच पदवीच्या लोकांनी केली. खरे आहे. सेवाग्रामला १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय काढणाऱ्या डॉक्टर सुशीला नायर अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकल्या होत्या. १९७० साली जामखेडला काम उभे करणारे डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे तिथलेच. गडचिरोलीचे डॉक्टर अभय आणि राणी बंग यांची १९८४ सालची एम.पी.एच.सुद्धा तिथलीच. बाल्टिमोरच्या फळ्यावर तर जामखेडचे नाव नव्हते. मग तीच विद्या या लोकांच्या हाती फळली कशी?

कारण उघड आहे. नायरबाई बाल्टिमोरला गेल्या त्या गांधीजींच्या सेवाग्रामातली रोगी माणसे पाहून गेल्या. आरोळे दांपत्य नेवाशाजवळच्या वडाळा मिशनच्या दवाखान्यात काही वर्षे राबून गेले. एकदा बरा केलेला रोगी त्याच रोगाने पुन्हा दारात येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. बंग दांपत्य वर्धा जिल्ह्याच्या खेड्यांत काम करून गेले. या सगळ्यांनी प्रश्न आधी गोळा केला आणि मग पुस्तक उघडले. म्हणून पुस्तकातले नेमके कोणते पान आपल्या कामाचे, ते त्यांना कळले. आपल्या अभ्यासक्रमात क्रम उलटा आहे: आधी पुस्तक, आधी आकडे जुळवण्याचे यंत्र, आधी परीक्षा, आणि अखेरीस जेवणानंतरच्या बडीशेपेसारखे थोडेसे गाव.

बंग यांनी त्या विद्येचे काय केले तेही पाहा. गडचिरोलीजवळच्या दोन खेड्यांत राणी बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८ होत्या. १९८९ साली हे लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ‘तुम्हाला स्त्रीरोग आहे काय?’ असे ओसरीवर यंत्र धरून विचारले असते, तर आमच्या फवारणीवाल्यासारखेच उत्तर आले असते, हे काय सांगायला पाहिजे? पुढे याच मंडळींनी गावातल्या पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची निगा शिकवली. बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. ज्या ३९ गावांत हे झाले तिथे तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. १९९९ साली तेही ‘लॅन्सेट’ने छापले, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताईंच्या कामात ही घरची निगा आली. पाच ते दहा इयत्ता! म्हणजे माझ्याइतक्या, किंवा माझ्याहूनही कमी शिकलेल्या बायका. मोजण्याची विद्या त्यांना आली, कारण ज्यांना मोजायचे ती त्यांच्याच गल्लीतली बाळे होती.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप असा की, दहा जिल्ह्यांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहायची तर प्रश्न सगळीकडे एकच हवा. प्रत्येक गावी तो बदलून कसे चालेल? हा आक्षेप मला मान्य आहे. दोन वर्गांना दोन वेगळे पेपर देऊन पहिला नंबर काढता येत नाही. पण प्रश्न पक्का करण्याआधी तो लोकांवर तपासून पाहावा, हे त्यांच्याच पुस्तकात लिहिलेले आहे. त्या मुलीने मला सांगितले की तशी चाचणी झाली होती. संस्थेपासून जवळच्या एका वस्तीत, जिथे कपाशीचे झाडही कोणी पाहिले नव्हते. पुस्तकातले पुस्तकाप्रमाणे करा, एवढेच माझे म्हणणे.

दुसरा आक्षेप असा की, ही मुले खेड्यात राहण्यासाठी शिकत नाहीत. त्यांना धोरणे आखायची आहेत. तर मग मी अधिकच घाबरतो. चुकीचा तक्ता वाचून औषध देणारा डॉक्टर एका रोग्याला मारील. चुकीचा तक्ता वाचून धोरण आखणारा एका जिल्ह्याला उपाशी ठेवील. आमचा वाशिम २०१८ साली देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचे उस्मानाबाद आणि आम्ही, असे महाराष्ट्राचे चौघे. तेव्हापासून मोजणाऱ्यांची आमच्याकडे वर्दळ आहे. मोजू द्या; पण आकड्यांवर आमची पायरी ठरणार असेल, तर आकडा खरा असणे हा आमच्या पोटाचा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा स्वतःचा आहे, आणि त्याच्यापुढे मी मान लववतो. ते म्हणतात, गुरुजी, आम्ही गावात राहू हो, पण पदवीनंतर आम्हाला गावात ठेवणार कोण? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्याच्या स्वतंत्र संवर्गाची शिफारस केली. २०२२ साली केंद्राने राज्यांना त्याची मार्गदर्शक तत्त्वेही दिली. पण कर्ज काढून शिकलेल्या मुलाला मार्गदर्शक तत्त्वे खाता येत नाहीत. तो शहरातल्या एखाद्या कंपनीत तक्ते करायला बसतो. त्याला दोष देणारा मी कोण?

तेव्हा शिव्याशाप पुरे. माझ्या मागण्या चारच आहेत. पहिली, या अभ्यासक्रमाचे पहिले चार महिने गावात घालवावेत आणि वर्ग नंतर भरवावा. वैद्यकीय महाविद्यालयांत सेवाग्रामने ही वाट दाखवून ठेवली आहे. तिथे सुरुवातीपासून प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि शिबिर करून त्या गावात राहते. दुसरी, दोन्ही वर्षे विद्यार्थ्याचे गाव एकच असावे. पेरणी पाहिलेल्याने फवारणीही पाहावी आणि वेचणीही पाहावी. तिसरी, गावातली आशाताई ही त्याची एक परीक्षक असावी, आणि तिच्या गुणांशिवाय त्याला पास करू नये. चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, पदवी हाती पडण्याआधी विद्यार्थ्याने आपला अहवाल त्याच गावच्या ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावा. ग्रामसभेला सांख्यिकी कळत नाही, असे म्हणू नका. गावात विहिरी किती, त्यांतल्या आटल्या किती, फवारून आल्यावर कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे तिला सांख्यिकीपेक्षा आधी कळते. ‘विषबाधा: शून्य’ हे वाक्य कोणी धनजच्या पारावर मोठ्याने वाचावे, म्हणजे दुरुस्ती जागच्या जागी होईल; समिती बोलवावी लागणार नाही.

हे काही नवे शास्त्र मी सांगत नाही. आमच्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाच क्रम पाळला. गावात शिरायचे, आधी दिवसभर खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात बोलायचे. ज्याने दिवसा गटार उपसले त्याचे रात्रीचे बोलणे लोकांनी ऐकले. तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धीला आणि ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय दिले, आणि ते अध्याय आमच्या बायाबापड्यांना समजतील अशा बोलीत लिहिले. आज एका विद्यापीठाच्या कमानीवर गाडगेबाबांचे नाव आहे, दुसऱ्याच्या कमानीवर तुकडोजींचे. कमानीखालून जाताना त्यांचा क्रमही आत न्यावा, एवढेच मागणे आहे.

शेवटी त्या पोरांविषयी. निघण्याच्या दिवशी ती दोघे आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीकडे गेली. तिने सगळी उत्तरे दिली, चहा पाजला आणि मग विचारले, “बाई, लिवून त नेता तुमी. मांगच्या साली बी एकानं लिवून नेलं. मंग काय लिवलं ते सांगाले कोनी येत नाही काय?”

मुलगी म्हणाली, “आजी, मी येईन सांगायला.” ती खोटे बोलत नव्हती, तिचे डोळे भरले होते. पण अभ्यासक्रमात परत येण्याला जागा नव्हती, त्याला गुण नव्हते, त्यासाठी गाडीभाडे नव्हते. या उन्हाळ्यात तिचा मला निरोप आला. ती पास झाली, नोकरी लागली, आणि माझी आठवण काढते.

यंदा पोळ्यानंतर फवारणी सुरू झाली तेव्हा म्हातारीने मला पारापाशी अडवले. “गुरुजी, ते पोरगी आली नाही?”

मी म्हणालो, “आजी, तिला नोकरी लागली शहरात.”

“बरं झालं मा,” म्हातारी म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, “मंग आमचे ते कागद कोनापाशी हायेत?”